घड्याळाला किल्ली देणारा हात

एमिल हव्रिला सातवीत माझ्या वर्गात होता. त्याच्या प्रगतिपुस्तकात मी लाल पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘सतत खिडकीबाहेर बघत बसतो. याच्या हातून काही घडेल असं वाटत नाही. – ऑग्डन प्रूइट.’ अक्षर माझं आहे आणि चांगलं आहे, त्यामुळे नाकबूल करायचीही सोय नाही. एमिलने ते पान चौकटीत बसवून आपल्या घराच्या तळघरात, फिल्म कापायच्या टेबलाच्या वर भिंतीला टांगलं होतं. येईल त्याला तो ते कौतुकाने दाखवायचा.

पंचवीसेक वर्षांनी त्याने मला सहज सांगितलं, “सर, मी बाहेर नव्हतो बघत. त्या काचेत एक बुडबुडा होता. मान जरा हलवली की त्यातून समोरच्या चर्चचा मनोरा वाकायचा.”

मुलांची पारख हा माझा खास गुण आहे, असं मी तोवर समजत होतो.

आमच्या गावातली मुलं शाळा सुटली की नदीकाठच्या काच कारखान्यात जायची. एमिलही गेला आणि पुढे तपासनीस झाला. दिवसभर झगझगीत दिव्यासमोर काच धरायची, बुडबुडा किंवा रेघ दिसली की ती बाद करायची. मग ती बाद काच तो संध्याकाळी घरी घेऊन यायचा. त्याच्या एका सिनेमात आमची नगरपालिकेची दगडी इमारत लाटेसारखी डोलते. लोकांना वाटलं, याने पिट्सबर्गहून काही यंत्र आणलं. कॅमेऱ्यापुढे एक बाद झालेली खिडकीची काच सरकवली होती, एवढंच.

त्याचं सगळंच असं. ज्वालामुखीतून वाहणारा लाव्हारस म्हणजे त्याच्या बायकोने, व्हेराने, धुण्याच्या टबात शिजवलेली ओटची लापशी. कॅमेरा सरकवायला धाकट्या मुलीची बाबागाडी. हिमवादळाला त्याने सुक्या बटाट्याचा चुरा उडवला. दुपारी खरा पाऊस आला आणि मुख्य रस्त्यावर घोटाभर कुस्करलेले बटाटे झाले. व्हेरा दारात उभी राहून म्हणाली, “लोणी कोण आणतंय?”

नट आम्हीच, गावातले. मी त्याच्या अकरा सिनेमांत काम केलं आणि नऊमध्ये मेलो. एकदा भुंग्याने मारलं, दोनदा लापशीने. आपल्याला बोलायचं काम मिळावं, अशी माझी फार इच्छा होती. एमिल म्हणायचा, “सर, तुमच्यासारखं स्थिर पडणं कोणाला जमत नाही.” मी ती स्तुती समजून पुढच्या सिनेमात आणखी स्थिर पडायचो. एकदा मात्र प्रेत असताना मला शिंक आली. एमिलने ती कापली नाही. त्याने गोष्ट बदलली आणि मला भूत केलं. ते भूत गावाला आवडलं.

हे सगळे दहा-पंधरा मिनिटांचे सिनेमे. चर्चच्या तळघरात, जेवणानंतर, कोबीच्या वासात दाखवलेले. पूर्ण लांबीचा, पैसे देऊन लोक बघतील असा सिनेमा त्याने कधी केला नव्हता. मी निवृत्त झालो त्या वसंतात तो माझ्या घरी आला, टोपी हातात धरून बसला आणि म्हणाला, “डॉक्टर म्हणतात, उजवा डोळा चाललाय. डावाही फार दिवस राहायचा नाही. दिव्यासमोर पंचवीस वर्षं काढली ना. आता एक मोठा करून घेतो, सर. ड्राइव्ह-इन थिएटरचा चेस्टर तयार झालाय. हंगामाचा शेवटचा शनिवार देतो म्हणाला. तोवर तयार पाहिजे.”

“आणि मी?” मी विचारलं. माझा घसा मी आधीच साफ करून ठेवला होता.

“मला एक काटेकोर माणूस हवाय. नोंदवही ठेवायला.”

काम असं होतं. सिनेमाचे तुकडे वेगवेगळ्या दिवशी घेतले जातात आणि नंतर जोडले जातात. म्हणून आधीच्या तुकड्यात जे जसं होतं, ते पुढच्या तुकड्यात तसंच दिसायला हवं. कप कोणत्या हातात, गुंडी उघडी की बंद, खडू केवढा उरलाय, हे सगळं लिहून ठेवायचं. बोलायचं काम नव्हतं, पण ‘काटेकोर’ या शब्दावर मी विरघळलो.

गोष्ट साधी होती. एक शिक्षिका वर्गात एकटी बसलेली असताना तिला मुलगा युद्धात मारला गेल्याची तार मिळते. त्या क्षणी, दोन वाजून दहा मिनिटांनी, भिंतीवरचं घड्याळ बंद पडतं. मग वर्षानुवर्षं माणसं येतात, तिच्याशी बोलतात, ती कॉफी ओतते, पण वर्गात कायम दोन दहाच असतात. शिक्षिकेचं काम केशभूषेचं दुकान चालवणाऱ्या लॉरेटाने केलं. जागा म्हणून आमची जुनी शाळा मिळाली, तीही माझीच खोली. शाळा ऑगस्टच्या मध्यावर पाडायची ठरली होती, तोवर दर शनिवारी आमचीच.

पहिल्या शनिवारी एमिलने स्टुलावर चढून घड्याळाचे काटे दोन दहावर आणले आणि लंबक थांबवला. मी नोंदवहीत लिहिलं, ‘घड्याळ : दोन दहा.’ पुढच्या शनिवारी त्याखाली ‘वरीलप्रमाणे’ची दोन टिंबं काढली. असे नऊ शनिवार. लॉरेटाच्या स्वेटरची कितवी गुंडी उघडी आहे हे मी नऊ शनिवार इतकं बारकाईने पाहिलं की शेवटी तीच म्हणाली, “प्रूइट सर, तुमच्या बायकोला सांगू का?”

“वहीत लिहायचं असतं,” मी म्हणालो.

“हो, पण चष्मा पुसून पुसून?”

शाळा पडली. पडण्याआधी गावकऱ्यांना आठवण म्हणून हवं ते न्यायची मुभा होती. कोणी बाक नेले, कोणी नकाशे. मी माझ्या खोलीतलं घड्याळ नेलं.

फिल्म धुण्यासाठी एमिलने सगळी एकदमच पाठवली होती. ती परत आली तेव्हा शाळेच्या जागी विटांचा ढीग होता आणि ड्राइव्ह-इनच्या शेवटच्या शनिवाराला तीन आठवडे उरले होते. एमिलच्या तळघरात पडदा लावून आम्ही बसलो. एमिल, व्हेरा, लॉरेटा आणि नोंदवही मांडीवर घेऊन मी. पहिले काही तुकडे झाले आणि व्हेरा म्हणाली, “एमिल, ही कॉफी ओतायला घेते सकाळी सव्वादहाला आणि कपात पडते पावणेपाचला.”

कोणी हसलं नाही. पडद्यावर लॉरेटा फार छान काम करत होती. तिच्या मागे घड्याळ आधी साडेअकरा दाखवत होतं, मग दहा पाच, मग साडेतीन. बोलणाऱ्यांकडे बघताना कुणाचं लक्ष मागे गेलं नव्हतं. एमिलच्या डोळ्याला मागचं सगळं धूसरच दिसत होतं आणि वही माझ्याकडे होती.

“सर,” एमिल म्हणाला, “वहीत काय आहे?”

“दोन दहा,” मी म्हणालो. “सगळीकडे दोन दहा.”

“मग?”

“जुनं घड्याळ,” मी म्हणालो. “बाहेरून ट्रक जात होते. हादऱ्याने चालू झालं असेल.”

हे बोलताना मला सगळं कळलं होतं. त्या खोलीत मी एकतीस वर्षं शिकवलं. रोज सकाळी आत शिरलो की टोपी खुंटीला, मग खिळ्यावरची किल्ली घेऊन घड्याळाला चार वेढे, मग खिशातल्या घड्याळाशी काटे जुळवून लंबकाला हलका धक्का. हे माझे हात करायचे, त्यात मी नसायचोच. पहिल्यानंतरचे आठही शनिवार मी सगळ्यांच्या आधी पोचून हेच केलं होतं आणि नंतर खाली बसून गुंड्या मोजल्या होत्या. एकतीस वर्षं मी मुलांना सांगत आलो, बघून लिहा, आठवून लिहू नका.

घरी आलो तर भिंतीवर तेच घड्याळ, बरोबर वेळ दाखवत टिकटिकत होतं. मी जेवलो नाही. माझी बायको एडना सगळं ऐकून म्हणाली, “दोन पर्याय आहेत. जाऊन सांग, नाहीतर ट्रकवर आणखी दोषारोप कर. पण माझं मीटलोफ गार करू नकोस.”

मी सकाळी गेलो. किल्ली खिशात होती. एमिल टेबलाशी बसला होता, चौकटीतल्या माझ्या अक्षराच्या बरोबर खाली. मी उभ्यानेच सांगितलं, “एमिल, ट्रक नव्हते. मी किल्ली दिली. दर शनिवारी. मुद्दाम नाही, पण मीच.”

“माहीत आहे,” तो म्हणाला.

“कधीपासून?”

“काल तुम्ही गेल्यावर. सहाव्या शनिवारी मी आल्याआल्या कॅमेरा चालतो का बघायला दोन फूट फिल्म फिरवली होती. त्यात तुमचा हात आहे. बाही, किल्ली, चार वेढे.” त्याने डावा डोळा भिंगाला लावला आणि मला जागा करून दिली. “बघा ना. किती सहज देताय.”

मी बघितलं. म्हातारा, डागाळलेला हात होता, पण किल्ली देताना त्यात काही शंका नव्हती.

“सिनेमा गेला का रे?” मी विचारलं.

त्याने एक तुकडा उचलून उजेडात धरला, कारखान्यात काच धरायचा तसा. “रात्रभर हेच बघतोय, सर. मी लिहिली होती थांबलेल्या घड्याळाची गोष्ट. आता घड्याळ चाललंय आणि तीच थांबलीय. कोणीतरी येऊन तिला किल्ली देऊ बघतंय. सकाळ होते, संध्याकाळ होते, तिच्या हातातली कॉफी तीच.” मग तो माझ्याकडे वळला. “हे जास्त बरोबर आहे. फक्त किल्ली देणारा हात मला पाच-सहा वेळा हवा. आणि घड्याळ तर शाळेबरोबर गेलं.”

“घड्याळ माझ्या घरी आहे,” मी म्हणालो.

त्यानंतर तो इतका हसला की वरून व्हेराने विचारलं कोण पडलं.

एमिलने तळघराच्या भिंतीला शाळेचा हिरवट रंग दिला, घड्याळ टांगलं आणि मला माझा निवृत्तीच्या दिवशीचा कोट घालायला लावला. आयुष्यात पहिल्यांदा कॅमेरा माझ्यासाठी लागला होता. मी अभिनय करायचं ठरवलं. किल्ली उचलताना बोटं थरथरवली, एक खोल सुस्कारा टाकला.

“कट,” एमिल म्हणाला. “सर, काय करताय?”

“भावना.”

“हाताला दम्याचा त्रास असल्यासारखं दिसतंय. नुसती किल्ली द्या.”

मला ते जमेना. मुद्दाम करायला गेलो की मी तीनच वेढे द्यायचो, किंवा किल्ली उलटी. शेवटी एमिलने दिवे चालू ठेवले आणि म्हणाला, “राहू दे, जेवून घेऊ.” व्हेराने पिएरोगी, म्हणजे सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्या, आणल्या. खाऊन मी उठलो, हात पुसले आणि घड्याळ दोन मिनिटं मागे दिसलं म्हणून सहज किल्ली दिली. कॅमेरा चालू होता.

सिनेमा शेवटच्या शनिवारी दुपारी चार वाजता जोडून झाला. ड्राइव्ह-इनमध्ये, म्हणजे गाडीत बसूनच सिनेमा बघायच्या त्या मैदानात, अंधार पडायच्या आतच गाड्यांच्या सगळ्या रांगा भरल्या. एमिल आमच्याच गाडीत पुढे बसला, कारण पडदा त्याला धड दिसत नव्हता आणि मी त्याला सांगत राहणार होतो. पण मी फारसं बोललो नाही. पहिल्यांदा हात आला, घड्याळ फिरलं, लॉरेटा तशीच बसलेली दिसली, तेव्हा मागच्या रांगेत एकाने दाद म्हणून हॉर्न वाजवला. तिसऱ्या वेळी सगळी रांग वाजवायला लागली. शेवटच्या वेळी हात किल्लीपर्यंत जातो, थबकतो आणि किल्ली खिळ्यावर परत टांगतो. (तेव्हा मला व्हेराने मिठाई खायला हाक मारली होती.) त्या वेळी एकही हॉर्न वाजला नाही. कुठल्यातरी गाडीत कोणी नाक शिंकरलं, तेवढंच ऐकू आलं.

“काय झालं?” एमिलने विचारलं. “गप्प का आहेत?”

“बघतायत,” मी म्हणालो.

शेवटी नावं आली. ‘हात : ऑग्डन प्रूइट.’ त्याखाली ‘नोंदवही : ऑग्डन प्रूइट.’ हे दुसरं काढून टाक म्हणून मी त्याला दोनदा सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी तळघरात गेलो. खिशात लाल पेन्सिल होती. म्हणालो, “एमिल, ती चौकट जरा खाली दे. मला त्यात दुरुस्ती करायची आहे.”

त्याने चौकट काढली, बाहीने काच पुसली आणि पुन्हा तिच्या जागी टांगून टाकली.

“नको, सर,” तो म्हणाला. “आधीच्या तुकड्यात जे जसं होतं, ते पुढे तसंच दिसायला हवं.”