बाजारातली शिफ्ट

कासारवाडीला कंपनीच्या बसमध्ये चढून ती माझ्या शेजारी बसते. चाकणच्या कारखान्यात ती क्वालिटीत, माल तपासायला आहे. पास झालेला मालही गाडीत चढताना ती पुन्हा बघते, म्हणून सगळे तिला कटकटी म्हणतात. मोबाइलवरच्या गेममध्येही लढाया सोडून ती बाजारातच उभी असते. तिथे भामटे सौद्यात भारी तलवार दाखवतात आणि शेवटच्या क्षणी तशीच दिसणारी साधी ठेवतात. नवखा दिसला की ती लिहिते, "थांब भावा. हो म्हणायच्या आधी परत बघ."

मी गेममध्ये नवखा असताना माझी ढाल तिच्यामुळेच वाचली होती.

काल ती रजेवर होती, गेममध्येही नव्हती. बसमध्ये मी गेम उघडला. बाजारात एक नवखा फसत होता, त्याला मी थांबवलं. त्यानं विचारलं, "तुम्ही गेमच्या कंपनीकडून आहात का?"

मी ताठ बसून लिहिलं, "नाही राव. आमची इथं शिफ्ट असते."