गुणाक्काचं उलटं झाड

बोर्ड बांधणाऱ्याला बोर्ड दिसत नाही. तो मागच्या बाजूने तार आवळतो. पुढे कोण हसतंय ते खाली उतरल्यावर कळतं, आणि खाली उतरल्यावर मान वर करायची इच्छा राहत नाही. मी आष्ट्यात उदयसिंहच्या दुकानाचे फ्लेक्स बोर्ड बांधायचो. गुडघा गेला तेव्हा काम सोडलं. आता दुपारी दुकानातल्या बाकड्यावर बसतो. आत काँप्युटरवर गुणमाला मगदूम दिवसभर काय करते, ते मला बाकड्यावर बसायला लागल्यावर समजलं.

तिला सगळे गुणाक्का म्हणतात. ती डोकी कापते.

बोर्डावर साहेब मोठे असतात. त्यांच्या पायाशी शुभेच्छुकांची ओळ असते. बारीक बारीक चेहरे, सगळ्यांना एकसारखा पांढरा सदरा. लोक जे हाताला लागेल ते आणून देतात. कुणी लग्नातला फोटो, कुणी बैलाशेजारी उभा राहिलेला. त्यातलं डोकं तेवढं कापून घ्यायचं आणि तयार सदऱ्यावर बसवायचं. उदयसिंह म्हणतो, "आक्का, कान गेला तरी चालतोय. खालनं कोण बघाय चाललंय?" गुणाक्का कान जाऊ देत नाही. केसांच्या कडेने, कानाच्या पाळीमागून हळूहळू फिरते. कानाला वेळ लागतो. मीही तार दोन पीळ जास्त द्यायचो, वारा कुठून येईल सांगता येत नाही म्हणून. तेही कुणाला दिसलं नाही.

तिची आणखी एक सवय. डोकं कापून झालं की लोकांनी दिलेला आखा फोटो ती टाकून द्यायची नाही. त्या माणसाच्या फोल्डरमध्ये आणखी एक फोल्डर करायची, त्याचं नाव 'मूळ', आणि तो त्यात ठेवायची. का, म्हणून मी एकदा विचारलं. म्हणाली, "मामा, आपण कापलं म्हणून माणूस तेवढाच होतो का?" अशी मुळं साठत गेली आणि मशीन पार थकलं. एक फोल्डर उघडायचा तर चहा पिऊन येता यायचं.

शेवटी उदयसिंहने नवं मशीन आणलं. जुनी डिस्क शनिवारी कोरी करून तो ती बिलांसाठी वापरणार होता. तो वाईट माणूस नाही. त्याला जागा हवी होती. गुणाक्काने चालू कामं तेवढी नव्या मशीनवर घेतली.

शुक्रवारी दुपारी एक म्हातारी पायरीशी येऊन उभी राहिली. पायात प्लास्टिकची चप्पल, हातात पिशवी.

"फ्लेक्सवालं हितंच का?"

"हितंच. आत या की आवं," मी म्हणालो.

ती आत आली नाही, पायरीवरच टेकली. गुणाक्काने पाणी दिलं. तिने तांब्या वर धरून प्यायलं आणि मग सांगितलं. नाव राहीबाई. गाव शिराळ्याच्या पलीकडे, वर डोंगराला. पेठ नाक्यावर गाडी बदलून आलेली. नवरा गेला त्याला परवा वर्ष होणार होतं. त्या दिवशी फोटोला हार घालायचा, तर घरात घालण्याजोगा फोटोच नव्हता.

"आदारकार्डावरला हाय. त्यात त्ये चोरागत दिसत्यात. पल्टनीतला एक हाय, त्यात मिसरूडबी न्हाई. नातवापरास ल्हान दिसत्यात. त्येला हार घालू व्हय?" ती म्हणाली. "चांगला एकच हुता. त्यो बोर्डाला म्हणून पोरं घिऊन गेली, ती परत द्याला काय आली न्हाईत. बोर्ड हितंच केला म्हणं."

"नाव काय त्यांचं?" गुणाक्काने विचारलं.

राहीबाई भिंतीकडे बघायला लागली.

"आक्का, त्या नाव घ्यायच्या न्हाईत," मी म्हणालो.

म्हातारीने पिशवीतून कार्ड काढून पुढे केलं. हंबीरराव ज्ञानू खोत. गुणाक्काने नाव टाकून शोधलं. काही आलं नाही. येणार नाही हे तिलाही माहीत होतं. या दुकानात नावं येतच नाहीत. फोटो आणून देणारा पोरगा बोट ठेवून सांगतो, ह्ये आप्पा, ह्ये नाना, ह्ये तात्या. नुसतं नाव घेणं बरं दिसत नाही. गुणाक्का तेच इंग्रजी अक्षरांत लिहून ठेवते. त्या डिस्कमध्ये अर्ध्या तालुक्याचे आप्पा होते आणि हंबीरराव एकही नव्हता.

"गावात काय म्हणायचे त्यांना?"

"फौजी."

गुणाक्काने चष्मा काढून डोळे चोळले. त्या बाजूला दगड भिरकावला तर फौजीलाच लागतो. तिने 'फौजी' टाकून बघितलं. मशीन एकेका फोटोचं बारीक चित्र पडद्यावर आणायला लागलं आणि मधेच अडकलं. गोल चक्र फिरत राहिलं.

"ह्ये काय दळतंय?" राहीबाईने विचारलं.

"दळतंय नुसतं. पीठ पडंना," गुणाक्का म्हणाली आणि मशीन बंद करून पुन्हा चालू केलं.

ते चालू होईपर्यंत ती घड्याळाकडे बघत होती. तिचं घर जैनांचं, दिवस मावळायच्या आत जेवतात, तिला त्याआधी जाऊन चूल बघावी लागते. सासू अंधारात घोटभर पाणीही घेत नाही. गुणाक्काचा दिवस उन्हावर मापलेला आहे.

मग तिने एक काळा पडदा उघडला. त्यावर चित्र नाही, बटण नाही, नुसता एक ठिपका लुकलुकत होता. मी तिला तो कधी उघडताना बघितलं नव्हतं.

"ह्ये काय?"

"मामा, लग्नाआधी सांगलीला क्लास केला होता. तवा असंच शिकवायचे. माउस न्हवता हाताला. बघू, हात इसरलाय का."

तिने 'ट्री' असं लिहिलं आणि बटण दाबलं. पडद्यावरून ओळी वर पळायला लागल्या. पळाल्या आणि थांबल्या तेव्हा शेवटचंच टोक दिसत होतं. "नुसत्या फांद्या आल्या, पानं न्हाईत," ती म्हणाली. पुन्हा लिहिलं. या वेळी पुढे एक तिरकी रेघ आणि एफ टाकला. फोल्डरांसोबत आतल्या फायलींचीही नावं यावीत म्हणून. आणि पडद्यावर पळवण्याऐवजी सगळं एका फायलीत उतरवलं. फोटो उघडायचे नव्हते, नावंच काढायची होती. तेवढं काम त्या दमलेल्या मशीनला झेपलं.

फाइल उघडली तेव्हा मी उठून तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. सगळी डिस्क नावांनी लिहिलेली. वर एक बुंधा. त्याखाली उभी रेघ, रेघेतून आडवी फांदी, फांदीच्या पोटात आणखी आत सरकलेली फांदी. कोण कुणाच्या पोटात आहे ते नुसत्या बघण्याने कळत होतं. आमच्याकडे हेळवी येतो, तो पिढ्या म्हणून दाखवतो तशी मांडणी. फक्त हे झाड उलटं होतं. बुंधा वर, वाढ खाली.

"कशाचा बोर्ड हुता आजी?"

"नागपंचमीचा. शिराळ्याच्या स्टँडवर. कोपरा सुटून फडफडत हुता बगा त्यो."

तो मीच बांधला होता. वाऱ्याने एक कोपरा सुटला म्हणून दुसऱ्या दिवशी परत जावं लागलं, ते आठवत होतं. चेहरा एकही आठवत नव्हता.

गुणाक्काने नागपंचमीची फांदी धरली आणि खाली उतरली. आप्पा होते. नाना होते. सरपंच, सरपंच नवीन, सरपंच मोठे. फौजी नव्हता. ती पुन्हा वर गेली, पुन्हा खाली आली. नव्हताच.

"गावंना व्हय?" राहीबाईने विचारलं. उत्तराची वाट न बघता तिने पिशवीचा बंद मनगटाला गुंडाळायला घेतला. "ऱ्हाऊ दे बाय. पल्टनीतल्यालाच घालीन हार. इस वर्साचं तर इस वर्साचं."

"बसा. उठू नका."

गुणाक्का पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मामा, त्या साली साहेबांचा वाढदिवस आणि नागपंचमी लागून आली होती. दोन्ही बोर्ड मलाच करायचे होते. मी काय केलं असंल?"

"एकावरच दुसरा केला असशील."

"तेच. अक्षरं बदलली असतील फक्त."

ती वाढदिवसाच्या फांदीवर गेली. साहेब. त्याच्या आत वाढदिवस. त्याच्या आत कॉपी. कॉपीच्या पोटात नागपंचमी. त्यात शुभेच्छुक. त्यात फौजी. प्रत्येक नाव एक पाऊल उजवीकडे सरकलेलं. आणि सगळ्यात शेवटी, फांदीच्या टोकाला, मूळ.

तिने त्याच वाटेने फोल्डर उघडत नेले. आधी फौजीचं कापलेलं डोकं आलं, पांढऱ्या सदऱ्यावर बसवलेलं. राहीबाई पायरी सोडून आत आली. पडद्याजवळ वाकून बघितलं.

"त्वांड त्येंचंच हाय. सदरा कुणाचा?"

"सदरा सगळ्यांचा, आजी."

"असल्या कडक सदऱ्यात त्येंनी जल्मात पाय टाकला न्हाई."

"सदऱ्यात पाय टाकत न्हाईत आवं," मी म्हणालो.

"तुमी गप बसा. दुखणं माझं हाय."

गुणाक्काने मूळ उघडलं. हंबीरराव अंगणात खुर्चीवर बसलेले, चौकड्याचा सदरा, वरची गुंडी वेगळ्या रंगाची. शेजारी राहीबाई उभी. दोघांच्या मधे हातभर जागा, पण पदराचा काठ वाऱ्याने उडून त्यांच्या बाहीवर पडलेला.

म्हातारीने गुंडीवर बोट ठेवलं. काचेवर ठसा उमटला. "ही म्या लावल्याली. मिळती गावली न्हाई."

"दोघांचा छान हाय की," गुणाक्का म्हणाली. "असाच मोठा करून देते."

"आणि हार कसा घालू? म्या जित्ती हाय अजून. मला काप."

गुणाक्काचा हात माउसवर तसाच राहिला. इतकी वर्षं मी तिला डोकी कापताना बघत होतो. ती थांबलेली बघितली नव्हती.

"काप म्हनलं की. मागं कापलीस तवा इचारलं हुतंस का मला?" म्हणून राहीबाई हसली. दात एकच राहिला होता पुढे. गुणाक्काही हसली, पण नुसत्या ओठांनी.

तिने कापायला घेतलं. राहीबाई उभी होती तिथे हळूहळू मागची भिंत आली. पदराशी आल्यावर ती थांबली. "हा काठ काढला तर खाली बाही न्हाई. दुसऱ्या कुणाची तरी बाही जोडावी लागंल."

"परत दुसऱ्याचा सदरा? नगं. ऱ्हाऊ दे तेवढा काठ. हाराखाली जाईल."

उन्हाची तिरीप शटरच्या खालच्या पट्टीवर आली तेव्हा फोटो छापून झाला. राहीबाईने तो वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत उभा ठेवला. निघताना म्हणाली, "त्यो दोगांचाबी ठेव ग. माझ्या टायमाला लागंल. पोरं परत हितंच येतील."

गुणाक्का "ठेवते" म्हणाली. डिस्क उद्या कोरी होणार हे तिने सांगितलं नाही.

तेवढ्यात उदयसिंह आला. काळा पडदा बघून म्हणाला, "ह्ये काय काढलंईस आक्का? कवा घर सोडायचं तुज्या मुळांनी? सगळी नेलीस तर नवंबी मशीन बसलंच म्हणून समज."

"एकच नेते," ती म्हणाली.

तो बाहेर गेला. ती त्या झाडाच्या फाइलीत खालपर्यंत जाऊन आली. नावं सरकत होती. आप्पा, मूळ. तात्या, मूळ. नाना, मूळ. प्रत्येक 'मूळ'मध्ये कुणीतरी कापलेलं उभं होतं. बैल, भाऊ, बायको. ती कुठे थांबली नाही. मग फाइल बंद केली.

दोघांचा फोटो तिने नव्या मशीनवर घेतला. फोल्डरचं नाव पूर्ण लिहिलं: हंबीरराव ज्ञानू खोत व राहीबाई हंबीरराव खोत. मला दोनदा वाचून दाखवायला लावलं, कार्डावरून मी टिपून घेतलं होतं त्याच्याशी ताडून. मग त्या मशीनवरही तोच काळा पडदा उघडून ट्री लिहिलं. चालू कामांच्या दोन-चार फांद्या आल्या. त्यांच्याखाली ही एक, तिच्या पोटात 'मूळ' नाही.

"बरोबर हाय का, मामा?"

"बरोबर हाय. तू जा आता. दिवस चाललाय."

तिने डबा उचलला आणि रस्ता ओलांडून गेली. मी अर्धं शटर ओढलं. एवढं अजून जमतं, वाकावं लागत नाही.