वाघरीतलं माणूस

माझं माहेर सोलापुरात, गिरणीच्या चाळीत. भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर जेवायचं. एका बाजूला तेलुगू बोलणारे विणकर, दुसऱ्या बाजूला दखनी बोलणारे, आणि मधे आम्ही. माझी चौथीपर्यंत शाळा झाली होती, म्हणजे आमच्यात मी पंडितच. आणि दिलं कुठं, तर माळशिरसच्या बाजूला, मेंढरं राखणाऱ्यांच्या घरात. वडिलांचं म्हणणं, गिरणीचं काय, आज चालू उद्या टाळं, मेंढरू मात्र दर साल वितं. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही, पण लग्नानंतरचं पहिलं वर्ष मी नाक मुरडण्यातच घालवलं.

त्यात मला कुत्र्यांची धडकी. लहानपणी सात रस्ता चौकात एका कुत्र्यानं माझा परकर धरून ओढला होता, तेव्हापासून कुत्रं दिसलं की मी रस्ता बदलत असे. सासरी बदलायला रस्ताच नव्हता. दारात कुत्री, मेंढरांत कुत्री, भाकरी थापायला बसलं की समोर कुत्री.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. बुटक्या, काटक, हातात सदा लोकर कातायची चाती. चालता चालता कातायच्या, बोलता बोलता कातायच्या, आणि राग आला की चाती थांबायची. चाती थांबली की घरात कुणी बोलत नसे. सासरे, म्हणजे मामंजी, मात्र बोलके. मेंढराच्या पाठीवरून हात फिरवून ते त्याची आई, आजी सगळं सांगायचे.

दिवाळीच्या पाडव्याला मेंढरं ओवाळली की आमचं सगळं बिऱ्हाड घोड्यावर लादून कळपासोबत बाहेर पडायचं, ते थेट पावसाच्या तोंडावर परतायचं. त्या हिवाळ्यात आम्ही अक्कलकोटच्या बाजूला उतरलो होतो. तिथंच मामंजी ओढ्याच्या दरडीवरून खाली गेले. पाय मोडला नाही, पण दरड त्यांना दिसलीच नव्हती हे सगळ्यांना कळलं. किती दिवसांपासून दिसत नव्हतं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

थोड्याच दिवसांनी आत्याबाई स्वामींच्या दर्शनाला अक्कलकोटात गेल्या, मी सोबत होते. मठाच्या वाटेवर एक आंधळा म्हातारा दोरीला कुत्रं धरून चालला होता. गर्दीत कुणाला धक्का नाही, कुठं ठेच नाही. आत्याबाई देवाचं दर्शन विसरल्या आणि त्याच्या मागं लागल्या. तो कानडीत बोलत होता. आत्याबाईंना बाजारापुरती कानडी येत होती. त्यातून एवढं कळलं की पिल्लू डोळे उघडल्यापासून त्यानं आपल्या हातानं खाऊ घातलं, आपल्या कुशीत निजवलं.

होळीच्या सुमारास आमची कुत्री व्याली. आत्याबाईंनी सगळी पिल्लं एका डालीखाली, म्हणजे मोठ्या टोपलीखाली, झाकली आणि डाल एकदम उचलली. बाकीची केकाटत पळाली. एक तांबडी पिल्ली तेवढी जागेवर बसून राहिली आणि डाल कुठं गेली ते बघू लागली. आत्याबाई म्हणाल्या, ही मालकांची.

आणि मग त्यांनी तिला मेंढराचं दूध पाजायला सुरुवात केली. आमच्यात रीतच तशी. राखणीचं पिल्लू आईपासून तोडायचं, दुधाळ मेंढी धरून तिच्या सडाला लावायचं, आणि वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, कोकरांबरोबर वाढवायचं. त्याला कुणी कुरवाळायचं नाही, नावसुद्धा ठेवायचं नाही. नाव ठेवलं की लाड सुरू होतात आणि लाडावलेलं कुत्रं चुलीपाशी लोळतं. मेंढरांत वाढलेलं कुत्रं मेंढरांना आपलं मानतं आणि लांडग्याच्या अंगावर जातं. ही रीत सगळ्यांच्या रक्तात इतकी भिनलेली, की कानडी म्हातारा काय म्हणाला हे आत्याबाईंना ठाऊक असूनही हात आपसूक वाघरीकडेच गेले. मला तरी कुठं सुचलं? मी लांब उभी राहून पदर सावरत होते.

परतताना सोलापूरला माझ्या वडिलांनी मामंजींना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डोळ्यांची शीर वाळली, उजेड-अंधार कळेल, बाकी काही नाही, असं त्यानं सांगितलं. घरी पोचल्यावर माझ्या नवऱ्यानं ठरवून टाकलं की येत्या पाडव्याला आबांनी, म्हणजे मामंजींनी, घरीच राहायचं, आणि त्यांच्या भाकरतुकड्याला मी मागं राहायचं. खरं सांगते, मला बरं वाटलं. माझ्या टाचांच्या भेगा अजून भरल्या नव्हत्या. पण त्या दिवसापासून मामंजींनी बोलणं सोडलं. धुतलेलं धोतर नेसून दारात बसायचे, अर्धी भाकरी टाकायचे, आणि संध्याकाळी मेंढरांचा आवाज आला की नुसते उठून उभे राहायचे. ते बघवत नसे. जन्मभर कळपामागं चाललेला माणूस आठ महिने रिकाम्या गावात बसला असता, तर तो परत आम्हाला भेटला असता की नाही, मला शंकाच होती.

आत्याबाईंनी पावसाळाभर पिल्लीला शिकवलं. तसं शिकवणं मी पुन्हा पाहिलं नाही. मारणं नाही, ओरडणं नाही. जीभ टाळ्याला लावून एक टक्‌ असा आवाज काढायच्या, एवढंच. पिल्ली पळाली तर आपण जागीच उभ्या. तिनं कोकराचा कान चावला, तर त्या कोकराच्या आईला मोकळं सोडायच्या, मग मेंढीच काय ते शिकवायची. पुढं पुढं तर त्यांनी स्वतःच्या डोळ्यांवर पदर बांधला, पिल्लीची दोरी हातात घेतली, आणि बांधावरून, चिखलातून, निवडुंगाच्या कडेनं चालू लागल्या. आंधळ्याला काय लागतं ते डोळसाला कसं कळावं, असं त्यांचं म्हणणं. गुडघे फुटले, कोपर सोलले. गावातल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. माझ्यासारखी तोंडाळ पोरगी, पण मला हसू येईना. नवऱ्यासाठी इतकं करणारी बाई मी आमच्या चाळीत पाहिली नव्हती.

पिल्ली आत्याबाईंना नीट न्यायला लागली. खळगा आला की आडवी उभी राहायची, कोकरांपुढं राहायची तशीच. मग एके दिवशी दोरी मामंजींच्या हातात दिली. समोरून कळप चालला होता. पिल्लीनं एकदा त्यांचा वास घेतला आणि दोरीसकट, मामंजींसकट, ती मेंढरांकडे सुटली. मामंजी थेट निवडुंगात. आम्ही सगळे बसून काटे काढत होतो. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच. तिच्या लेखी ते म्हणजे दोरीला बांधलेला एक ओंडका होते.

नवऱ्यानं दोरी सोडून टाकली आणि हे आता पुरे म्हणून सांगितलं. आत्याबाई वाघरीपाशी बसून राहिल्या. चाती थांबलेली. मी चहाचं विचारायला गेले, तर त्यांनी माझा पदर हुंगला, मग स्वतःचा हुंगला. माझ्या पदराला साबणाचा वास, त्यांच्या पदराला मेंढराच्या दुधाचा. मामंजींचं धोतर मीच रोज धूत होते, आणि नजर गेल्यापासून लेकानं त्यांना वाघरीत पाऊल टाकू दिलं नव्हतं. आत्याबाई उठल्या आणि मामंजींपुढं जाऊन उभ्या राहिल्या.

"आपुन तिला मेंढराची केली. ती काय आता मानसाची हुईत न्हाय. मग मानसानंच मेंढराचं व्हायचं."

मामंजी भडकले. जन्मभर मेंढरं राखली, आता मेंढरू होऊ काय, म्हणून उठले आणि चौकटीला डोकं आपटून आत गेले. त्यांचं दोघांचं बोलणं बंद झालं. निरोप माझ्यामार्फत चालायचे, म्हणजे मी आपली दोन्हीकडची टपालवाली. शेवटी एका सकाळी मामंजींनी मला विचारलं, माझं जुनं घोंगडं कुठं आहे, न धुतलेलं. आत्याबाई ऐकत होत्या. त्यांनी चाती फिरवायला सुरुवात केली.

मामंजी वाघरीत राहायला गेले. लोकं म्हणाली, म्हाताऱ्याला सुनेनं घराबाहेर काढलं. म्हणू देत. धार काढायला डोळे लागत नाहीत, हात लागतो, आणि हात शाबूत होता. आई गेलेली कोकरं ते मांडीवर घेऊन पाजायचे. अंगाला दूध, लेंड्या, लोकर. पिल्ली सुरुवातीला लांबून बघायची. मग घोंगड्याच्या टोकावर बसू लागली. दसऱ्याच्या सुमारास मी पाहिलं, संध्याकाळी सगळी मेंढरं आत आली तरी ती वाघरीच्या तोंडाशी उभीच. आत जाईना, बसेना. मामंजी बाहेर कुणाशी बोलत उभे होते. ते आत आले तेव्हा ती बसली. मामंजींचं आत्याबाईंशी बोलणंही तोवर पुन्हा सुरू झालं होतं, आणि जेवणही पोटभर होऊ लागलं होतं.

नवऱ्याला हे सांगितलं, तर तो म्हणाला, वाघरीत बसणं वेगळं आणि वाट चालणं वेगळं. बापाला दरडीखालून वर काढलेलं त्यानं विसरायचं कसं, हेही मला कळत होतं. आत्याबाईंनी वाद घातला नाही. पाडव्याला मेंढरं ओवाळली, घोड्यावर बिऱ्हाड चढवलं, आणि लेकाला एवढंच म्हणाल्या, वाघर उघड.

कळप निघाला. नवरा पुढं, आत्याबाई घोड्यापाशी. मामंजी दाराजवळच्या दगडावर बसले. दोरी त्यांनी मागितली नाही, कुणी दिली नाही. मला म्हणाले, "सूनबाई, चूल पेटव." आवाज असा की माझ्या हातातलं लाकूड खाली पडलं. तरी मी चूल पेटवली आणि वर पाणी ठेवलं.

बाहेर आले तर तांबडी परत आली होती. कळप सोडून राखणीचं कुत्रं मागं येत नसतं, ते फक्त मागं राहिलेल्या मेंढराला आणायला येतं. तिनं मामंजींच्या गुडघ्याला डोकं लावून ढकललं. ते हलले नाहीत, तर पाठीमागून गेली आणि पुन्हा ढकललं, दमलेल्या मेंढीला ढकलतात तसं. मामंजी उठले.

"आलो, बाई, आलो."

एका हातात काठी, दुसरा तिच्या पाठीवर. मी त्यांचं घोंगडं उचलून मागं धावले. गावाबाहेर ओढा होता, दरड उभी. कळप उतरून पलीकडे गेला होता, आणि नवरा पलीकडून बघत होता. तो धावत खाली येऊ लागला, तर आत्याबाईंनी त्याला हातानं थांबवलं. तांबडी दरडीच्या काठावर आडवी उभी राहिली. मामंजींनी काठीनं चाचपलं. मग ती त्यांना कडेकडेनं, कोकरं उतरतात त्या उताराकडे घेऊन गेली. मी घोंगडं घेऊन मागोमाग होते. ते खाली उतरले, पाण्यातून गेले, आणि पलीकडच्या चढाला लागले.

नवऱ्यानं नाक शिंकरलं, तोंड पुसलं. मग आत्याबाईंना म्हणाला, "आये, आबाचं ताट घ्यायला मागं जाऊ का?"

"तवाच बांदलंय," आत्याबाई म्हणाल्या, आणि घोड्यावरचं गाठोडं थोपटलं. "सूनबाईचं लुगडं बी हाय त्यात."

मी तशीच उलट्या पावली घरी पळाले, चुलीवरचं पाणी विस्तवावर ओतलं, दाराला कडी घातली आणि भेगाळल्या टाचांनी त्यांच्या मागं निघाले.