आईच्या आजाराचं नाव

लोह्याजवळच्या एका गावात मी माध्यमिक शाळेवर विज्ञान शिकवते. माहेर औशाचं, घर नांदेडला. शाळेत आरोग्याचं म्हणून जे काही येतं ते माझ्याच वाट्याला येतं. जंताच्या गोळ्या, डोळ्यांची तपासणी, दहावीच्या पोरांची धनुर्वाताची सुई. सुईच्या दिवशी मोठमोठ्या गप्पा मारणारी पोरं रांगेत एकमेकांना पुढं ढकलतात, आणि एखाद्याला घेरी आली की त्याला बाकावर आडवं करून मी वहीनं वारा घालते. त्यात अवघड असं काही नसतं.

अवघड वाटलं ते नववीच्या मुलींच्या लशीच्या वेळी. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होऊ नये म्हणून चौदा वर्षांच्या मुलींना सरकारी दवाखान्यात ही लस मिळणार होती. मुख्याध्यापकांनी मला बोलावलं आणि टेबलावरच्या पेपरवेटकडं बघत म्हणाले, तुम्ही बाईमाणूस आहात, मुलींशी तुम्हीच बोला. आमच्याकडं गर्भाशयाला पिशवी म्हणतात. माझ्या माहेरी तेवढा शब्दसुद्धा बायका दबक्या आवाजात बोलायच्या. वर्गात मी तो मोठ्यानं उच्चारला तेव्हा सगळ्या मुली बाकाकडं बघायला लागल्या, मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मी फळ्यावर आकृती काढली, भागांची नावं लिहिली, आणि एकदा त्या वहीत उतरवून घ्यायला लागल्या की मग तो नेहमीचा धडा झाला.

पालकसभेला आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरबाई आल्या होत्या. आया बऱ्याच आल्या. एकीनं उभं राहून मोबाईलवर आलेला मेसेज वाचून दाखवला की ही सुई घेतलेल्या पोरींना पुढं लेकरं होत नाहीत. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं, की लेकरू होण्याशी या लशीचा काही संबंध नाही, आणि त्यांची स्वतःची मुलगीही चौदाचीच आहे, तिलाही हीच लस देणार आहेत. त्या मेसेजवालीनं आणखी दोन-तीन गोष्टी विचारल्या, मग खाली बसली. पुढच्या काही दिवसांत एकेक करून सगळ्या घरांतून होकार आले.

फक्त एका मुलीचा आला नाही. खो-खोच्या संघातली, चपळ, अभ्यासातही बरी. आई ती दुसरीत असताना वारली होती. वडील गवंडीकाम करायचे. घरात दोघंच. मी विचारलं तर म्हणाली, "पप्पा नको म्हणले." का, ते त्यांनी सांगितलं नव्हतं आणि तिनं विचारलं नव्हतं. तिला एवढंच जाणून घ्यायचं होतं, की बाकीच्या मुली जीपमधून लोह्याला जातील त्या दिवशी तिनं शाळेत यायचं की घरी थांबायचं.

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. दोन खोल्यांचं घर, वडिलांनीच बांधलेलं, भिंतीवर बुद्धाची तसबीर. ते नुकतेच कामावरून आले होते. मला खुर्ची दिली आणि लेकीला चहासाठी दूध आणायला दुकानावर पाठवलं. ती गेल्यावर त्यांनी दार थोडं लोटून घेतलं. मी मनात सगळी उत्तरं तयार करून गेले होते. लेकरं होणार नाहीत, ताप येतो, सरकार प्रयोग करतंय, यातलं काहीतरी ते म्हणतील असं मला वाटलं होतं.

"मॅडम, लस वाईट हाय असं न्हाई म्हणून राहिलो मी," ते म्हणाले. "तिची आई त्याच आजारानं गेली. लेकीला मी कावीळ म्हणून सांगितलेलं हाय."

मग त्यांनी थोडक्यात सगळं सांगितलं. अंगावरून जात होतं ते बायकोनं पुष्कळ दिवस कुणाला सांगितलंच नव्हतं. मग नांदेड, मग लातूर. लातूरच्या सरकारी दवाखान्यात असताना तिनं त्यांच्याकडून शब्द घेतला होता, की पोरीला या आजाराचं नाव कळू द्यायचं नाही. उद्या तिला सोयरीक आली की लोक म्हणतील, आईचं लेकीला येतं. आता ते लेकीसोबत लोह्याच्या दवाखान्यात गेले आणि कुणी विचारलं, की घरात कुणाला काही होतं का, तर पोर त्यांच्यासमोर कावीळ सांगणार, आणि त्यांना ते ऐकत उभं राहावं लागणार. त्यापेक्षा लस नको, असं त्यांनी ठरवलं होतं.

मी म्हटलं की हा आजार आईकडून लेकीला येत नाही, तो विषाणूनं होतो. मला वाटलं यानं त्यांना दिलासा मिळेल.

"मंग तिला कुठून आला?"

पुस्तकातलं उत्तर मला माहीत होतं. ते एका माणसाला त्याच्या घरात बसून कसं सांगायचं हे माहीत नव्हतं. माझ्या तोंडाकडं बघून त्यांनीच विचारलं, "माझ्यापासून?" तेवढ्यात लेक दुधाची पिशवी घेऊन आली. तिनं चहा केला, आम्ही तो प्यायलो, खो-खोच्या सामन्याबद्दल बोललो.

त्या रात्री माझं मन थाऱ्यावर नव्हतं. मी बरं करायला गेले होते आणि त्या माणसाच्या डोक्यात नवाच घोर घालून आले होते. दुसऱ्या दिवशी त्यांना फोन केला आणि डॉक्टरबाईंना भेटूया म्हटलं. त्यांनी कामाला सुट्टी घेतली. केंद्रात ओपीडी संपल्यावर बाईंनी खोलीचं दार लावलं. मी बाहेर थांबणार होते, पण ते म्हणाले, मॅडम तुम्ही बसा.

बाईंनी काही आडपडदा ठेवला नाही. हा विषाणू नवरा-बायकोच्या संबंधांतून लागतो, संसारात पडलेल्या बहुतेक माणसांना कधी ना कधी लागतोच, नवऱ्याला कळत नाही, बायकोला कळत नाही, आणि बहुतेकांच्या अंगातून तो आपोआप निघून जातो. काहींच्या अंगात राहतो आणि कित्येक वर्षांनी त्रास देतो. कुणाच्या राहील, कुणाच्या नाही, हे कुणीच सांगू शकत नाही. "यात तुमची चूक नाही," त्या म्हणाल्या, "आणि त्यांची तर नव्हतीच."

ते हातांकडं बघत होते. नखांच्या कडांना सिमेंट वाळलेलं होतं. म्हणाले, मी उशिरा नेलं दवाखान्यात. बाईंनी त्यांना खोटा धीर दिला नाही. लवकर कळलं असतं तर उपाय जास्त झाले असते हे खरंच, म्हणाल्या, पण त्यांनी सांगितलंच नाही तर तुम्ही कसे नेणार होता? उठता उठता ते म्हणाले, "ती भिऊन बोलली होती. तिला असं कुणी बसवून सांगितलं असतं, तर तिनं माझ्याकडून शब्द घेतला नसता. लेकीला सांगायला पाहिजे आता."

लशीच्या दिवशी बाकीच्या मुली माझ्याबरोबर जीपमध्ये होत्या. ही वडिलांच्या मोटारसायकलवर वेगळी आली. डोळे सुजलेले. वडील फाटकापाशी लिंबाखाली उभे राहिले आणि ती त्यांच्याकडं न बघता रांगेत शेवटी जाऊन उभी राहिली. सिस्टरनं तिचं नाव विचारलं, वय विचारलं, ताप वगैरे आहे का विचारलं. ज्या प्रश्नाची वडिलांना भीती होती तो कुणी विचारलाच नाही. तिनं मात्र आपणहून सांगितलं, "माझ्या आईला हाच कॅन्सर होता." सिस्टरनं तिच्या खांद्यावरून हात फिरवला आणि सुई दिली.

लस घेतल्यावर अर्धा तास तिथंच बसवतात. ती माझ्याशेजारी येऊन बसली. आईच्या वेळी ही लस नव्हती का, असं तिनं विचारलं. आईच्या लहानपणी आपल्याकडं मिळत नव्हती, मी म्हटलं. मग म्हणाली, "पप्पांनी मला सांगायला पाहिजे होतं." मी म्हटलं, हो. आईनंच नको म्हटलं होतं म्हणे, असं ती म्हणाली, त्यालाही मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? दोन्ही खरं होतं.

"दवाखान्यात आई मला जवळ घेत नव्हती," ती थोड्या वेळानं म्हणाली. "मला वाटायचं, कावीळ लागंल म्हणून."

मी तिचा हात धरून बसले. अर्धा तास झाल्यावर ती उठली, वडिलांच्या मागं गाडीवर बसली, पण त्यांच्या खांद्यावर हात न ठेवता मागची दांडी धरून गेली.

ती त्यांच्याशी किती तरी दिवस धड बोलत नव्हती. भाकरी करून ताट वाढायची आणि अभ्यासाला बसायची. हे मला नंतर वडिलांकडूनच कळलं. शाळेत मात्र ती माझ्याकडं यायची. मोठ्या बायकांना लस नसेल तर तपासणी तरी असते का, असं तिनं एकदा विचारलं. असते, आणि सरकारी दवाखान्यात करतात, मी सांगितलं. तिची मावशी इस्लापूरला होती. दिवाळीच्या सुट्टीत बापलेक तिकडं गेले. पोरीनं तपासून घे म्हटलं तर मावशी आधी हसली, मला काय धाड भरलीय, म्हणाली. तेव्हा पोरीनं आपल्या आईचं सगळं तिला सांगितलं. मावशीलाही तोवर कावीळच माहीत होती. दोघी गळ्यात पडून रडल्या, आणि मावशी किनवटला जाऊन तपासून आली. काही निघालं नाही.

हे सांगायला वडील शाळेत आले होते. आम्ही व्हरांड्यात उभे होतो. त्यांना विचारलं, आता बोलते का तुमच्याशी? तर म्हणाले, बोलते, पण सारखं आईचंच विचारते. ती काय म्हणायची, कशी हसायची, लातूरला असताना काय खायची. इतकी वर्षं घरात तिचा विषय निघत नव्हता. निघाला की आजारावर जाईल या भीतीनं ते स्वतःच तो विषय टाळत आले होते.

"परवा सांगितलं तिला," ते म्हणाले. "एक दिवस आईला अंबाडीची भाजी खाऊ वाटली. म्या लातूरचा बाजार पालथा घातला, कुठंच मिळंना. शेवटी एका म्हातारीनं आपल्या घरची करून दिली. डबा उघडून एक घास खाल्ला, तर म्हणती कशी, लई आंबट हाय, तुमीच खावा." सांगताना ते हसायला लागले, आणि मग चष्मा काढून बाहीनं पुसत राहिले.