फणसाची पट्टी

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अख्खा द्यायचा असतो, हे आमच्या करमाळ्याच्या शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. आमच्याकडे नारळ म्हणजे फोडायचा. म्हणून तो मी डॉक्टर चिंतामणींच्या शिडाच्या बोटीत शिरून, आतल्या जिन्याशेजारच्या लाकडी पट्टीवर आपटला. नारळाला ओरखडा गेला. पट्टी उभी फुटली.

ही बोट सांभाळणं ही माझी नोकरी. डॉक्टर दादरचे, दातांचे. म्हणजे फट त्यांना लांबूनच दिसते. ते पुण्याला गेले होते, रविवारी परतणार होते. तोवर पट्टी बदलली नाही, तर मी करमाळ्याला.

म्हणून भोईवाड्याच्या चाळीतले सुतार बुधाजी घाडी यांना गाठलं. त्यांच्याकडे रंधा आहे, करवत आहे. पण खरं हत्यार नाक. लाकूड खरवडायचं, हुंगायचं आणि निकाल द्यायचा. शेजारच्या शैलाताईंनी सागवानी म्हणून आणलेला सोफा यांनी भर पूजेच्या दिवशी हुंगून आंब्याचा ठरवला. तेव्हापासून त्या सोफ्यावर कुणी बसलं की शैलाताई दुसरीकडे बघतात. चाळीत नवं कपाट आलं की लोक आधी बुधाजीकाका गावाला गेलेत का, ते पाहतात.

बोटीत त्यांनी फुटका तुकडा काढला, टोक खरवडलं, नाकाला लावलं आणि डोळे मिटले.

"सागवान. डोळे बांध, तरी सांगतलंय."

"नक्की ना काका?"

"घाटावरच्या, तू नारळ फोड."

मग ते चाळीतल्या फळीसारखी सरळ पट्टी घेऊन आले. बोटीत सरळ अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे काकांनी आणलेली पट्टी. शेवटी मिठाईच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर बोटीचा बाक उतरवून घेतला आणि दुसरी कापली. ती बसली झकास. पण पॉलिश लावल्यावर जुन्या लाल पट्ट्यांमध्ये ती नव्या कवळीसारखी उठून दिसायला लागली. काकांनी आधी पॉलिशला दोष दिला, मग खाऱ्या हवेला, मग मला.

शनिवारी त्यांच्या खोलीत आम्ही दोघं तोंड पाडून बसलो होतो. काका जुना तुकडा रंध्याने तासत होते. बकुळाकाकी केर काढायला आल्या आणि भुशाकडे बघत थांबल्या. लाकूड वरून लाल, भुसा मात्र पिवळाधमक.

"अहो, ह्यां सागवान नाय. ह्यो फणस."

"तू रांधपातलां सांग." काकांनी स्वयंपाकाच्या ओट्याकडे बोट दाखवलं.

काकींनी फळीवरून माहेरचा पाट काढला. फणसाचा, जुना, लाल झालेला. दरवर्षी गणपती बसतो तो. खिळ्याने त्याची खालची बाजू जराशी खरवडली. तोच पिवळा रंग. काकांनी सवयीने पाट नाकाशी नेला, आणि माझ्याकडे न बघता खाली ठेवला.

रातोरात जुना फणस आणायचा कुठून? आम्ही तिघंही त्या पाटाकडे बघत होतो.

"देतंय," काकी म्हणाल्या. "पण गॅलरीत सगळ्यांसमोर सांगूक व्होया, लाकूड बकुळान वळाखल्यान."

काकांचा चेहरा असा झाला की दागिने मागितले असते तर बरं झालं असतं.

"सांगतलंय गो." म्हणजे, सांगेन.

पाटाच्या कडेतून बाकदार पट्टी कापली. रविवारी डॉक्टरांनी जाता जाता त्या पट्टीवरून बोट फिरवलं, दाढेवरून फिरवतात तसं, आणि चहा मागितला. माझी नोकरी राहिली.

गणपतीला चाळ दर्शनाला आली. बुधाजीकाका दारातच उभे. "बोट पुरी अंधारी. नाकाक लावलंय मात्र... फणस." लोक माना डोलावत होते. काकी मोदक वाढत होत्या.

शैलाताईंची नजर मखरात गेली. "बकुळाकाकी, पाट अरुंद झाला का हो?"

काकींनी वाढणं थांबवलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. सगळी गॅलरी तिथेच होती. सांगायला याहून बरा मुहूर्त मिळाला नसता.

"पाट तोच," काका म्हणाले. "यंदा मूर्तीच मोठी."

शैलाताईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडात मोदक होता, आणि मी तो बराच वेळ चावला.

विसर्जन झालं, पाट पुसून परत फळीवर गेला. काकींचं ते एक वाक्य अजून यायचं आहे. काका म्हणतात, सांगतलंय. गॅलरीत माणसं जमूंदेत.