उखर्डूनाना आणि लोटनभाऊचं शेततळं

उखर्डूनानाला मी चाळीस वर्षं ओळखतो, आणि त्यातली अकरा वर्षं मी त्याच्यावर वैतागलेला होतो. वैतागणं हा माझा धंदाच म्हणा, एसटीत कंडक्टर होतो ना. दारात उभं राहून ना आत ना बाहेर करणारा माणूस मला सहन होत नाही. आणि नाना आमच्या मंडळीच्या दारात अकरा वर्षं तसाच उभा.

साक्रीच्या पश्चिमेला डोंगराखाली आमची ख्रिस्ती मंडळी, म्हणजे आमचं चर्च. पत्र्याचं छप्पर, पंधरा-सोळा विश्वासणारे, एक ढोलकी. नाना लग्नातला आचारी, पाचशे माणसांची वरण-बट्टी एकटा करणारा. त्याची बायको मंदाबाई आधी विश्वासात आली, मागोमाग हा आला. प्रार्थना करायचा, गाणी म्हणायचा, कोणाचं घर गळलं की सगळ्यांआधी छपरावर चढायचा. बाप्तिस्मा तेवढा घेत नव्हता. आमच्यात पाणी शिंपडून भागत नाही, डोक्यावरून जावं लागतं. "माले पानीनं भ्याव वाटस," एवढंच त्याचं म्हणणं. अंघोळसुद्धा तांब्या-तांब्याने, डोळे उघडे ठेवून.

आता गंमत बघा. आमच्याकडे बाई स्वयंपाकाला लागली की आधी मूठभर धान्य मंडळीसाठी बाजूला काढते. रविवारी घरोघरच्या मुठी एका डब्यात येतात. त्यातल्या गव्हाची चपाती प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळे तुकडा वाटून खातात त्याला, आणि ती करणार कोण, तर नाना. करायचा, फडक्यात गुंडाळून मेजावर ठेवायचा, आणि ताट फिरू लागलं की बाप्तिस्मा न झालेला म्हणून मागे सरकून बसायचा. मंदाबाई त्याच्याशेजारी बसून तुकडा घ्यायची आणि दर वेळी डोळे पुसायची. त्या चपातीबद्दल मात्र कोणी कधी चकार शब्द काढला नाही. प्रभूच्या मेजावर काय चवीची चर्चा करायची?

यंदा मंदाबाईचे गुडघे पार गेले. ती त्याला म्हणाली, "एक डाव तरी मनासंगे तो तुकडा खा."  तिसऱ्या दिवशी नाना येऊन म्हणाला, बरं.

पण ऐन मे महिना, नदी कोरडी ठाक. शेवटी गावातल्या लोटनभाऊला त्याचं शेततळं मागितलं. भला माणूस. म्हणाला, "खुशाल बुडवा, फक्त साबण लावू नका." आणि तो गेला साक्रीच्या बाजाराला.

शेततळ्याला आतून काळा प्लॅस्टिकचा कागद असतो आणि त्यावर शेवाळ धरतं. पाणी कमरेएवढंच होतं, बुडायची भीती नव्हती. आमचे पाळक दीपक, म्हणजे मंडळीचे पाद्री, चोपड्याकडचे, तरुण, अंगात हुरूप फार. त्यांनी उतारावर पाय ठेवला तो थेट तळ्याच्या मध्यावर जाऊनच थांबले. वर यायला लागले तर दोन पावलं वर, तीन खाली. मंडळीतल्या भिकनने त्यांना हात दिला, तोही गेला. वृषालीने ओढणी टाकली, ओढणीसकट गेली. तिला धरायला चौघं गेले. मी म्हणालो, व्हा बाजूला, तुम्हाला अक्कल नाही, मी जन्मभर चालत्या गाडीत उभा राहिलो आहे. मी डोकं खाली, पाय वर असा गेलो.

पाव तासात अख्खी मंडळी पाण्यात. ज्यांचा बाप्तिस्मा कधीच झाला होता ते सगळे पुन्हा बुडून निघाले, आणि ज्याला बुडवायचं तो काठावर, कोरडा, इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात. लिंबाखाली मंदाबाई खुर्चीवर, मांडीवर चपातीचं ताट. पाळकांनी गाणं सुरू केलं. मी त्यांना गप्प बसा म्हणालो, देव मला क्षमा करो.

नाना पाण्याच्या मोटारीच्या खोलीतून दोर घेऊन आला. एक टोक लिंबाला बांधलं, दुसरं आमच्याकडे फेकलं. चार हात कमी पडलं. त्याने आमच्याकडे पाहिलं, मंदाबाईकडे पाहिलं, दोर मनगटाला गुंडाळला आणि डोळे गच्च मिटून पोटावर खाली घसरत आला. पाय पाण्याला टेकले तसा त्याने दोर आणखी आवळून धरला.

"धरा मना पाय," तो म्हणाला.

आम्ही त्याच्या अंगावरून चढलो. पाय, कंबर, खांदा, मग दोर. माझा पाय त्याच्या कानावर पडला तरी तो हूं की चूं करेना. माझा अकरा वर्षांचा राग तिथेच गळून गेला, आणि मला माझीच लाज वाटली.

सगळे वर आल्यावर खाली नाना आणि पाळक राहिले. पाळक म्हणाले, "नाना, आता वर जायचं का?"

"जाऊत. पन पहिले बुडाव. परत काही मी येवाऊ नही."

"येशूवर विश्वास धरता?"

"तो अकरा वरीसपासून धरस. भ्याव पानीनं व्हतं."

पाळकांनी त्याला बुडवला. वर येताना नानाने त्यांच्या गळ्याला अशी मिठी मारली की पाळकांचीही आणखी एक बुडी झाली.

मग आम्ही हात आणि दोर देऊन दोघांना वर ओढलं, आणि लिंबाखाली सगळे निथळत बसलो. ताट फिरलं. मंदाबाईने तुकडा घेतला आणि तिच्या शेजारी नानाने घेतला. चावला. चावता चावता थांबला.

"यामा मीठच नही," तो म्हणाला.

"कधीच नव्हतं," मी म्हणालो.

"अकरा वरीस?"

"अकरा वर्षं."

चाखल्याशिवाय मीठ टाकायचं नाही, हा त्याचा आचाऱ्याचा नेम. आणि घरोघरच्या मुठींची ती कणीक, बाप्तिस्म्याआधी जिभेवर ठेवायची नाही, हा त्याने स्वतःच घालून घेतलेला दुसरा नेम. म्हणून मीठ मंदाबाईच टाकत असेल, असं तो अकरा वर्षं धरून चालला होता.

"मंग कोन्ही सांगं काबर नही?"

"बठ्ठासले मीच गप करेल व्हतं," मंदाबाई आम्हा सगळ्यांकडे हात करून म्हणाली. "म्हनलं, तू चाखशी तव्हय तुले समजी."

नाना तो तुकडा तोंडात धरून रडला. मीही रडलो, खोटं कशाला सांगू.

पुढच्या रविवारी चपातीत मीठ होतं. मी दुसरा तुकडा मागितला, पाळकांनी दिला नाही.