हिरव्या दिवट्या

लातूर जिल्हा झाला आणि केरबा पेंटरचं नशीब उघडलं. गावोगावच्या पाट्यांवरचं 'जिल्हा उस्मानाबाद' पुसायचं आणि तिथं 'जिल्हा लातूर' लिहायचं, पिवळ्यावर काळी अक्षरं. शिरूर अनंतपाळच्या आसपास ब्रश धरणारा दुसरा माणूस होता कुठं? त्या साली पावसानं दगा दिला, ज्वारी वीतभर येऊन करपली, पण केरबाच्या घरी चूल पेटत होती.

जिल्हा नवा म्हणून लातुरात चित्रांचं प्रदर्शन भरायचं ठरलं, तसा सिद्धेश्वर धावत आला. हा केरबाचा शाळेपासूनचा सोबती. गावच्या बारवेला, पायऱ्यांच्या जुन्या विहिरीला लागून याचं बारा एकर रान. शाळेत केरबाला वेगळं बसवायचे, तेव्हा हा आपलं बसकर उचलून शेजारी जाऊन बसला होता. तेव्हापासून केरबा त्याच्यावर जीव टाकायचा.

"लेका, पाट्या काय रंगवायलास! बारवेवरच्या दिवट्या काढ की. लातूरवाल्यांची पाचावर धारण बसली पाह्यजे."

अवसेला बारवेवरून वेताळाची पालखी निघते, पुढं दिवट्या नाचतात, हे गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगायचं. केरबानं मात्र कधी काही पाहिलं नव्हतं. पाहणार कसा? बाप ज्ञानोबा छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आला, तो घरातले देव आणि भुतं एका टोपल्यात घालून ओढ्याला सोडूनच घरात शिरला. भुताचं नाव काढलं की पोराच्या कानाखाली जाळ काढायचा.

पण चित्र उतरलं, आणि काय उतरलं! मांजरपाटावर काळीकुट्ट बारव, पायऱ्यांवर चिटपाखरू नाही, आणि अंधारात लोंबणाऱ्या दिवट्या. त्या धरणारे हात मात्र कुठंच नाहीत. म्हातारी माणसं दिवट्या पिवळ्याजर्द सांगायची. पण पिवळा रंग सगळा पाट्यांनी खाल्ला होता. डब्यात हिरवा उरलेला. केरबानं हिरव्या काढल्या, आणि खरं सांगतो, त्या हिरव्यांनीच अंगावर काटा यायचा.

पहिलं बक्षीस मिळालं. साहेबानं माईकवर विचारलं, "हे तुम्ही पाहिलंय?" सिद्धेश्वरनं मागून कोपर मारलं.

"हाव साहेब," केरबा बोलून गेला, "म्या सोता पाह्यलं."

टाळ्या कडाडल्या. चित्र गावच्या चावडीत लागलं.

उन्हाळा आला तसे हापसे कोरडे पडले. बारवेत तेवढा एक झरा जिवंत होता. रात्रभर पाझरून पहाटे गुडघाभर पाणी साचायचं, म्हणून बौद्धवाड्यातल्या बाया तांबडं फुटायच्या आधी तिथं जायच्या. एका पहाटे त्या हंडे टाकून बोंबलत परत आल्या. केरबाची बायको नागुबाई धापा टाकत दारात आली.

"अवं, दिवट्या! तुमच्या चित्रात हायत तशाच. हिरव्यागार!"

त्या दिवसापासून बायांची बारव सुटली. पाणी दोन कोसांवरून यायला लागलं. नागुबाईला सातवा महिना होता, आणि आठ दिवसांत तिचे पाय सुजून टम्म झाले. लाज वाटावी अशी गोष्ट, पण केरबाची छाती आधी फुगलीच. हॉटेलात लोक बोलावून चहा पाजायचे. पेंटरनं काढलं ते वेताळानं खरं केलं म्हणायचे.

मग एके दुपारी चावडीत चित्रासमोर उभा असताना त्याच्या डोक्यात ठिणगी पडली. हिरव्या का म्हणून? हिरवा काही वेताळाचा रंग नव्हता. पिवळा संपला म्हणून हिरवा लावला होता! पेंटरची अडचण भुताला कशी कळली?

तो तसाच तडक सिद्धेश्वरच्या आखाड्यावर, रानातल्या गोठ्यावर गेला. कडब्याच्या गंजीमागं चार कंदील होते, काचांना हिरवा रंग फासलेला. शेजारी रंगाचा डबा. बैलगाडी रंगवायला म्हणून केरबानंच तो दिला होता. आणि बारवेत सोडलेला पाण्याच्या मोटारीचा पाईप सरळ उसात गेलेला.

सिद्धेश्वर तिथंच होता. शरमलासुद्धा नाही.

"ऊस वाळून चालला व्हता. रातचं सगळं पाणी लागत व्हतं. तुमच्या बायांना हात तरी लावला का म्या?"

"माझी नागू दोन कोस चालायलीय, सिद्धेश्वर! पोटुशी हाय ती, तुला म्हाईत न्हाई का?"

"मग सांग की गावाला, दिवट्या खोट्या हायत म्हणून. माईकवर सोता पाह्यलं म्हणणारा तूच ना?"

दुसऱ्या कुणी केलं असतं तर केरबानं ते गिळलं असतं, पण यानं? त्याला रडू आलं, आणि ते सिद्धेश्वरच्या देखत आलं याचा त्याला जास्त संताप आला.

घरी येऊन त्यानं नागुबाईला सगळं सांगितलं. सिद्धेश्वरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. केसानं गळा कापला म्हणाला. ती सुजलेले पाय पसरून ऐकत होती.

"म्हंजी दिवट्या तुम्ही कवाच पाह्यल्या न्हाईत?"

"न्हाई."

"बाया म्हणत व्हत्या, चल, जाऊन बघू, माणसंच असतील. मीच अडिवलं त्यान्ला. म्हनलं, माझा मालक खोटं बोलत न्हाई."

नागुबाई भिंतीला धरून उठली, शेजारच्या कोंडाबाईला हाक मारली आणि हंडा घेऊन बारवेकडं निघाली. केरबा मागं धावला, हंडा मी घेतो म्हणाला. तिनं दिला नाही.